अडीचशें शब्दांचा गोषवारा

गेल्या पौषांत आमच्या घरीं तीन दिवस मोठी धांदल उडाली होती. घरांत लग्न नव्हतें, मुंज नव्हती, कीं कोणी अंथरुणास खिळलेलें नव्हतें. आमच्या थोरल्या बंधूंची नात मानसशास्त्र घेऊन एम्. ए. झाली व सध्यां त्याच शास्त्राच्या क्रीडाविषयक शाखेंत पुढील संशोधन करीत आहे. तिला युरोपांतील एका परिषदेकडे आपल्या कामाचा गोषवारा धाडावयाचा होता. आणि तो २५० शब्दांहून एका शब्दानेंही अधिक असतां कामा नये, अशी परिषदेची अट होती. 'अ‍ॅब्स्ट्रॅक्ट' हा शब्द त्या तीन दिवसांत आमच्या घरीं इतका रुळला कीं, तिसऱ्या दिवशीं दुपारीं "अ‍ॅब्स्ट्रॅक्ट आटोपलें असेल तर पानें घेतलीं आहेत," असा निरोप स्वयंपाकघरांतून माडीवर आला.

आमच्या नेहमींच्या वाचकांस हा विषय परका वाटेल, हें आम्ही जाणून आहों. परंतु ज्या घरांतून हें मासिक वाचलें जातें, त्यांतील पुष्कळ घरांत एखादी भाची, पुतणी किंवा सून आज अशाच परिषदांच्या खटपटींत असते. आणि ती रात्रीं दोन वाजेपर्यंत दिवा जाळून नेमकें काय करते, हें वडील मंडळींस उमगत नाहीं. आम्हांसही उमगलें नव्हतें.

प्रथम या शास्त्राविषयीं थोडें. खेळाडूच्या दंडाइतकेंच त्याचें मनही हारजितीस कारण होतें, ही गोष्ट तालमींतील वस्तादांस पूर्वापार ठाऊक होती. तिचें शास्त्र मात्र अलीकडचें. आधुनिक ऑलिंपिक खेळांचा प्रवर्तक पिअर द कुबर्तँ यानें १९१३ सालीं स्वित्झर्लंडमधील लोझान येथें खेळाचें मानसशास्त्र व शरीरशास्त्र या विषयावर एक परिषद भरविली. अमेरिकेंत इलिनॉय विद्यापीठांत कोलमन ग्रिफिथ यानें १९२५ सालीं या कामासाठीं प्रयोगशाळा उघडली. पुढें १९६५ सालीं रोम येथें पहिली जागतिक परिषद भरली व तेथेंच आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन होऊन इटलींतील मनोवैद्य फेरुच्चो आंतोनेल्ली हे तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९६७ सालीं उत्तर अमेरिकेंत व १९६९ सालीं युरोपांत अशाच संस्था निघाल्या. त्यांच्या परिषदांस आज देशोदेशींचे शेंकडों अभ्यासक जमतात.

परंतु परिषदेस जाणें म्हणजे यात्रेस जाणें नव्हे, कीं तिकीट काढलें आणि निघालों. तेथें आपलें काम मांडावयाचें असेल, तर कित्येक महिने आधीं त्याचा गोषवारा पाठवावा लागतो. तो संगणकावरील एका ठरीव तक्त्यांत भरावयाचा असतो, आणि शब्दांची मर्यादा संपली कीं तो तक्ता पुढचें अक्षर घेत नाहीं. लेखकाचें नांव व विद्यापीठ वेगळ्या रकान्यांत जातें. कारण बहुतेक ठिकाणीं तें परीक्षकांस दाखवीत नाहींत. थोर पंडित आणि नवखी पोर, दोघांचेही शब्द एकाच तागडींत पडावेत, हा त्यांतील हेतु. दोन-तीन परीक्षक वाचून गुण देतात. त्यावरून कोणास व्यासपीठावर दहा-पंधरा मिनिटें बोलावयास मिळतें, कोणास आपल्या कामाचा मोठा छापील तक्ता भिंतीवर लावून त्याच्या शेजारीं उभें राहावयास मिळतें (यास ते लोक 'पोस्टर' म्हणतात), आणि कोणास नम्र शब्दांत नकार मिळतो. निवड झाली तरी सादर करणारानें ठरल्या मुदतींत फी भरली नाहीं, तर गोषवारा काढून टाकतात. ती फी किती, हें ऐकल्यावर आमच्या थोरल्या बंधूंनीं चष्मा काढला, पुसला, पुन्हां घातला आणि पुन्हां विचारली.

एवढ्याशा मजकुराचें एवढें स्तोम कशासाठीं, असें आम्हांसही प्रथम वाटलें. परंतु गोष्ट अशी आहे कीं, परिषदेंत आलेले गोषवारे पुढें एकत्र छापले जातात, आणि पुष्कळ कामांचें नशीब तेथेंच संपतें. वैद्यकाच्या व आरोग्यशास्त्राच्या परिषदांतील गोषवाऱ्यांचें पुढें काय झालें, याचा माग काढणारे अनेक अभ्यास झाले आहेत. त्या सर्वांच्या एकत्रित आढाव्यांत निम्म्याहून अधिक गोषवाऱ्यांचा पूर्ण निबंध कधीं छापूनच आला नाहीं, असें आढळलें. म्हणजे तेवढे २५० शब्द हाच त्या कामाचा मागें राहिलेला छापील पुरावा. पुढें कोणी त्याचा आधार घेतला, तर तो याच शब्दांचा घेणार.

आम्ही मॅट्रिकच्या पुढें गेलों नाहीं. तथापि उभा जन्म संस्कृत व मराठी शिकविण्यांत गेला, आणि दिलेल्या उताऱ्याचा एकतृतीयांश सारांश लिहावयास शिकविणें हा तर आमचा हातखंडा. त्यामुळें पोरीनें आपली अडचण सांगतांच आम्ही आपण होऊन लेखणी उचलली. मनुष्याच्या जीवनांत क्रीडेचें स्थान, शरीर व मन यांचा प्राचीनांनीं ओळखलेला संबंध, आधुनिक युगांतील स्पर्धेचा ताप, अशी आमची गाडी घाटावरून डौलानें चालली होती. "याचें इंग्रजी तूं कर," असें म्हणून आम्हीं कागद तिच्या हातीं दिला. तिनें तो वाचला, बोट ठेवून शब्द मोजले आणि म्हणाली, "आजोबा, ८३ शब्द झाले, आणि अजून मुली मैदानावर आल्याच नाहींत."

त्या रात्रीं आम्हांस आमच्याच विद्येची लाज वाटली. सूत्र कसें असावें, हें आम्हीं वर्गांत शेंकडों वेळां सांगितलें होतें: अक्षरें थोडीं, अर्थ निःसंदिग्ध, भरतीचा शब्द एकही नको. पाणिनीनें सुमारें ४००० सूत्रांत सबंध भाषा बांधून टाकली. अर्धी मात्रा वांचली तरी वैयाकरणाच्या घरीं बारशाचा आनंद होतो, ही थट्टाही आम्हीच मुलांपुढें करीत असूं. आणि प्रसंग आला तेव्हां आम्हीच ८३ शब्दांची रांगोळी काढून बसलों! दुसऱ्याच्या उताऱ्याचा सारांश लिहितांना वगळावें काय, एवढाच प्रश्न असतो. स्वतःच्या कामाचा गोषवारा लिहितांना कबूल करावें काय, हा प्रश्न पुढें येतो; आणि तो आम्हीं कोणत्याही वर्गांत कधीं शिकविला नव्हता.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं संध्या आटोपून आम्हीं तिला मीमांसकांची कसोटी सांगितली. एखाद्या ग्रंथाचें तात्पर्य कशांत आहे, हें ठरविण्यास ते सहा खुणा पाहतात. आरंभ व शेवट यांचा मेळ, एकच गोष्ट फिरून फिरून येणें, म्हणजे अभ्यास, अन्यत्र न मिळणारें असें कांहीं नवें, म्हणजे अपूर्वता, फल, स्तुति अथवा निंदा, म्हणजे अर्थवाद, आणि युक्तिवाद, म्हणजे उपपत्ति. पोरगी मन लावून ऐकत होती. "आजोबा, परीक्षकांच्या गुणपत्रिकेंत जवळ जवळ हेंच आहे," असें म्हणून तिनें तो नियमांचा कागद दाखविला. यांत नवें काय, हा एक रकाना. पद्धतीला आधार काय, हा दुसरा. उपयोग काय, हा तिसरा. गोषवाऱ्याचे हेतु, पद्धति, निष्पत्ति व निष्कर्ष असे चार भाग पाडावयाचे होते (ही चाल वैद्यकाच्या नियतकालिकांत १९८७ च्या सुमारास सुरू झाली व तेथून इतरत्र पसरली). आणि हेतूंत जें विचारलें, त्याचेंच उत्तर निष्कर्षांत आहे कीं भलत्याचेंच, हें परीक्षक आधीं पाहतो. पुनरुक्तीस २५० शब्दांत जागा नाहीं, आणि अर्थवादास तर नाहींच नाहीं. 'अत्यंत महत्त्वाचें', 'आजवर कोणीही न केलेलें', 'क्रांतिकारक' असले शब्द खोडण्याचें काम आम्हीं मोठ्या आवडीनें पत्करलें. कारण त्यांतील बरेचसे आमचेच होते.

आतां मूळ गोष्ट. तिचें काम होतें खो-खो खेळणाऱ्या शाळकरी मुलींवर. सामन्यापूर्वीं मनाला जी धाकधूक लागते, ती रोज थोडा वेळ श्वासाचा अभ्यास केल्यानें उतरते कीं काय, हें तिला पाहावयाचें होतें. एका शाळेंतील मुलींनीं सहा आठवडे सरावानंतर दहा मिनिटें श्वासाचा अभ्यास केला. दुसऱ्या शाळेंतील मुलींनीं नेहमींचा सराव तेवढा केला. धाकधूक मोजण्यासाठीं अमेरिकेंतील रेनर मार्टेन्स व त्यांचे सहकारी यांनीं १९९० सालीं प्रसिद्ध केलेली २७ प्रश्नांची प्रश्नावली तिनें मराठींत आणली. तींत मनाची काळजी, शरीराची अस्वस्थता व आत्मविश्वास यांचे प्रत्येकीं ९ प्रश्न असून, उत्तर चार पायऱ्यांपैकीं एकीवर खूण करून द्यावयाचें असतें.

भाषांतराच्या कामीं आम्हांस पुन्हां हुरूप आला. शरीराच्या प्रश्नांत पोटाविषयींही विचारलें आहे. आम्हीं 'उदरांत अस्वस्थता जाणवते' असें सुचविलें. आमच्या घरांतून लगेच उत्तर आलें, "पोटांत गोळा येतो, असें लिही ग. त्या पोरींना उदर कुठलें ठाऊक?" तेंच ठेवलें. मग ज्यांनीं मूळ इंग्रजी पाहिलें नव्हतें अशा एका बाईंकडून तें मराठी उलट इंग्रजींत करून घेऊन मुळाशीं ताडून पाहिलें. या शास्त्रांतील ती रूढ रीत आहे. एवढें करूनही पहिल्या दिवशीं एका मुलीनें हात वर करून विचारलें, "ताई, गोळा भुकेचा धरायचा कीं भीतीचा?" ती पहांटेच्या एस. टी.नें उपाशीं आली होती. हा प्रश्न २५० शब्दांत कोठें बसवावयाचा, हें आम्हांस अजूनही समजलेलें नाहीं.

आणि एवढ्या खटपटीचें उत्तर काय आलें? दोन्ही शाळांतील मुलींच्या धाकधुकींत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. शिवाय आरंभीं नांवें दिलेल्या मुलींपैकीं सात जणी शेवटपर्यंत टिकल्या नाहींत. कोणी आजारी पडली, कोणाच्या वडिलांची बदली झाली, आणि तिघी आईबापांबरोबर ऊसतोडीस गेल्या.

हें सर्व हातीं आल्यावर तिच्या मार्गदर्शकांचा फोन आला. ते विद्वान आहेत आणि पोरीविषयीं त्यांच्या मनांत खरी कळकळ आहे. त्यांचें नांव-गांव येथें नको. त्यांचें म्हणणें असें पडलें कीं, गळालेल्या मुलींचा उल्लेख करूं नये. तेवढेच दहा-बारा शब्द वांचतात. कांहीं मुलींची धाकधूक उतरलेली आहे, तेव्हां निष्पत्तींत 'अनुकूल कल दिसून आला' असें लिहावें. तें खोटेंही नाहीं. कांहीं झालें नाहीं, हें ऐकावयास परिषदेंत कोण बसतो? गोषवारा म्हणजे आमंत्रणपत्रिका. जेवण कसें आहे, तें मांडवांत आल्यावर कळेल.

या म्हणण्यांत व्यवहार नव्हता, असें नाहीं. परिषदेंत निवड झाली, तर पुढील शिष्यवृत्तीच्या अर्जांत तिचें वजन पडणार होतें. थोरले बंधू म्हणाले, "गुरूचें ऐकावें, त्यांनीं दहा परिषदा पाहिल्या आहेत." आम्हीं आमच्या स्वभावाप्रमाणें मध्यम मार्ग काढला. 'निष्पत्ति परिषदेंत सविस्तर मांडण्यांत येईल' असें एक वाक्य घालावें. खोटें नको आणि नकारही नको! पोरीनें नियमांचा तो कागद पुन्हां पुढें केला. असें वाक्य ज्या गोषवाऱ्यांत असेल तो विचारांत घेतला जाणार नाहीं, असें तेथें स्पष्ट छापलें होतें. आमच्यासारखे मध्यममार्गी लोक सगळ्या देशांत असावेत.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर तिनें आम्हांस एक गोष्ट सांगितली. ती वाचकांनींही ऐकावी. इंडियाना विद्यापीठांतील नॉर्मन ट्रिप्लेट यानें १८९८ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. या शास्त्रांतील अगदीं पहिल्या प्रयोगांत त्याची गणना होते. ट्रिप्लेट स्वतः सायकलीचा षोकी. एकट्यानें घड्याळाशीं शर्यत करणाऱ्या सायकलस्वारापेक्षां इतरांच्या बरोबरीनें धांवणाऱ्याचा वेग अधिक असतो, हें त्यानें शर्यतींच्या नोंदींतून काढलें. मग त्यानें मुलांवर प्रयोग केला. मासे धरण्याच्या गळाचीं दोन रिळें एका चौकटीवर बसविलीं. मुलानें रीळ गरगर फिरवावयाचें, म्हणजे दोऱ्याला शिवलेलें लहानसें निशाण चार मीटरांच्या मार्गावरून चार फेरे करी. मुलांनीं हें कधीं एकट्यानें करावयाचें, कधीं दुसऱ्या मुलाच्या शेजारीं चढाओढीनें. पुढें पाठ्यपुस्तकांतून या प्रयोगाचें एकच वाक्य उरलें: शेजारीं प्रतिस्पर्धी असला कीं मुलें अधिक वेगानें काम करतात.

परंतु ट्रिप्लेटच्या निबंधांत काय आहे? त्यानें ज्या ४० मुलांचे आंकडे दिले, त्यांतील २० मुलांचा वेग चढाओढीनें वाढला. १० मुलें उलट बावचळून मागें पडलीं. आणि १० मुलांवर फारसा परिणामच झाला नाहीं. हें त्यानें स्वतः प्रामाणिकपणें मांडलें आहे. पुढें १०७ वर्षांनीं, २००५ सालीं, मायकेल स्ट्रूब या अमेरिकन प्राध्यापकानें तेच आंकडे आजच्या संख्याशास्त्राच्या रीतीनें पुन्हां तपासले, तेव्हां त्यांत चढाओढीच्या परिणामाचा भक्कम असा पुरावा जवळ जवळ सांपडला नाहीं. निबंध बिचारा कपाटांत राहिला, आणि त्याचें एक वाक्य शंभर वर्षें गांवोगांव हिंडलें.

"आजोबा, त्या बावचळलेल्या १० मुलांचें पुढें कोणी नांवच काढलें नाहीं," ती म्हणाली. तिला ऊसतोडीस गेलेल्या तिघींविषयीं बोलावयाचें होतें, हें आम्ही समजलों.

आणखी एक गोष्ट तिनें सांगितली. ज्या प्रयोगांतून कांहीं निघालें नाहीं, ते प्रयोग अभ्यासकाच्या मेजाच्या खणांत पडून राहतात व ज्यांतून कांहीं निघालें तेवढेच छापले जातात. यास रॉबर्ट रोझेन्थाल यानें १९७९ सालीं 'खणाचा प्रश्न' म्हटलें. समजा, वीस ठिकाणीं श्वासाचा असाच प्रयोग झाला, एकोणीस ठिकाणीं कांहीं आढळलें नाहीं व एका ठिकाणीं योगायोगानें आढळलें. तर जगापुढें तो एकच येईल, आणि गांवोगांवचे क्रीडाशिक्षक त्याच्या भरंवशावर मुलींचा वेळ खर्च करतील.

येथें मात्र आमची जुनी विद्या खरोखर उपयोगी पडली, हें लिहितांना आम्हांस थोडा अभिमान वाटतो, तो वाचकांनीं पोटांत घालावा. पोरीनें निष्कर्षांत 'श्वासाच्या अभ्यासाचा कांहीं परिणाम होत नाहीं' असें लिहिलें होतें. आम्ही म्हणालों, "थांब. हेंही अधिकच झालें." कुमारिलभट्टाच्या परंपरेंतील मीमांसक अनुपलब्धि हें स्वतंत्र प्रमाण मानतात, म्हणजे वस्तु न दिसणें यावरून ती नाहीं असें ज्ञान होतें. पण त्याला एक अट आहे. ती वस्तु असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिति हवी. उजेडांत, डोळे उघडे असतांना, समोरच्या जमिनीवर घट दिसला नाहीं, तर तेथें घट नाहीं असें म्हणावें. अंधाऱ्या खोलींत दिसला नाहीं, तर एवढेंच म्हणावें कीं आम्हांस दिसला नाहीं. "तुझ्या मुली किती? तिशीच्या आंत-बाहेर. त्यांतून सात गळाल्या. एवढ्याशा उजेडांत लहानसा परिणाम असता, तर तो दिसला असता काय?"

ती थोडा वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "आजोबा, हें आमच्या पुस्तकांत आहे. पण दिव्याचें उदाहरण नाहीं." तिनें वाक्य बदललें: दोन गटांत फरक आढळला नाहीं, तथापि संख्या लहान असल्यामुळें लहान परिणाम असण्याची शक्यता या अभ्यासानें निकालांत निघत नाहीं. गळालेल्या सात मुली पद्धतीच्या भागांत आल्या, आणि त्यांतील तिघी हंगामी स्थलांतरामुळें गेल्या, हेंही आलें. त्यासाठीं हेतूंतील आमचें उरलेलें एकमेव वाक्य गेलें. आम्हीं हरकत घेतली नाहीं.

मार्गदर्शकांस तिनें स्वतः फोन करून हें कळविलें. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "बरें. माझें नांव शेवटीं आहे ना, तें राहूं दे." आम्हांस हें फार आवडलें.

राहतां राहिली एक बारीकशी अडचण. तिनें तालुक्याचें व स्पर्धेचें नांव लिहिलें होतें. तें काढावें लागलें. ज्यांच्यावर अभ्यास केला, त्यांची ओळख पटूं नये, असा या शास्त्राचा दंडक आहे. आणि ओळख नुसत्या नांवानेंच पटते असें नाहीं. 'हेलसिंकी येथें १९५२ सालीं कुस्तींत कांस्यपदक मिळविणारा कऱ्हाड तालुक्यांतील एक मल्ल' असें लिहून नांव गुप्त ठेवलें, असें कोणी म्हणूं लागला, तर महाराष्ट्रांतलें शेंबडें पोरही हंसेल. एका तालुक्यांतील एका स्पर्धेंत खेळलेल्या दोन शाळा, एवढें म्हटलें तरी गांवांतील लोक त्या मुली बरोबर ओळखतील. भीति वाटते असें एखाद्या मुलीनें विश्वासानें लिहून दिलें. तें तिच्याच गांवांत टिंगलीचा विषय होतां कामा नये.

मुदत त्या रात्रीं ११ वाजून ५९ मिनिटांनीं संपणार, म्हणून सारें घर दहा वाजल्यापासून घड्याळाकडे पाहत बसलें होतें. साडेअकराला तिच्या ध्यानांत आलें कीं, तें घड्याळ मध्य युरोपचें. हिंवाळ्यांत तें आपल्या साडेचार तास मागें असतें, म्हणजे आपल्याकडे पहांटेचे ४ वाजून २९ मिनिटांपर्यंत अवधि आहे. वाचकांपैकीं कोणाच्या घरीं असा प्रसंग आल्यास त्यांनीं ही गोष्ट आधीं पाहावी. आमचे थोरले बंधू त्या रात्रीं विनाकारण जागले, त्याचा उल्लेख ते अजून करतात. त्या अवधींत तिनें मजकूर आणखी दोनदां वाचला आणि पावणेदोनला तो धाडला. तक्त्याच्या खालीं शब्दसंख्या आली: २४८.

चैत्रांत उत्तर आलें. भाषणाची संधि मिळाली नाहीं, पोस्टर स्वीकारलें. एका परीक्षकानें संख्या लहान असल्याचा दोष दाखविला होता, व गुणही बेताचेच दिले होते. दुसऱ्यानें लिहिलें होतें कीं, किती मुली गेल्या व कां गेल्या हें सांगितलें, तें चांगलें केलें; हंगामी स्थलांतर म्हणजे काय, हें पोस्टरवर थोडें अधिक खुलासेवार यावें. फीचा अर्धा वांटा विद्यापीठ देणार आहे. उरलेला कोणी द्यावयाचा, यावर थोरले बंधू व आम्ही यांच्यांत सध्यां वाद चालू आहे, कारण दोघांनाही तो द्यावयाचा आहे.

शाळेंतील खो-खोच्या बाईंनीं मुलींना वाचून दाखविण्यासाठीं तोच गोषवारा मराठींत मागितला, तेव्हां तें काम अर्थात् आमच्याकडे आलें. आम्हीं तो एका बैठकींत लिहिला व मोठ्या विश्वासानें पोरीच्या हातीं दिला. तिनें पहिलें वाक्य खोडलें, बाकीचें तसेंच ठेवलें, आणि शेवटीं स्वतःच्या हातानें एक ओळ वाढविली: पुढच्या वेळीं प्रश्नावली मुलींचें खाणें झाल्यावर द्यावी.